दोन मिनिटं हळू

सांगलीत चढ शोधावा लागतो आणि साताऱ्यात सपाट रस्ता. सातारा माझं माहेर, सांगली सासर, त्यामुळे ही अडचण मला दोन्हीकडून माहीत आहे. साताऱ्याच्या घरातून बाहेर पडलं की एकीकडे अजिंक्यतारा, दुसरीकडे यवतेश्वरचा घाट. सांगलीत विश्रामबागेतून सायकल काढली की तासगावला जा, मिरजेला जा, पलूसला जा, पाय थांबवावेत असा उतार मिळत नाही. चढच हवा असेल तर दंडोबाचा डोंगर नाहीतर सागरेश्वरचा घाट गाठायचा. पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ एक करायच्या खेळात मी चाळिशी उलटल्यावर उतरले. त्यात जे थोडंफार सुधारले, त्यात या दोन गावांच्या जमिनीचा वाटा माझ्या कष्टांइतकाच आहे.

आमचं औषधाचं दुकान आहे. रात्री शटर ओढून घरी येईतो साडेदहा होतात आणि पहाटे साडेचारला गजर वाजतो. सुरुवातीला सासूबाईंची अशी समजूत होती की मला काहीतरी झालंय, डॉक्टरांनी पळायला सांगितलंय आणि मी ते घरात लपवतेय. दुकानात येणारी गिऱ्हाइकं कोपरापर्यंत करपलेला हात बघून मलाच मलमाचं नाव सुचवतात. रस्त्यावर दूधवाले विचारतात, "ताई, कुठं निघालासा एवढ्या अंधारात?" औदुंबरला, म्हटलं की त्यांचं समाधान होतं. दत्ताच्या दर्शनाला सायकलवरून जाणारी बाई त्यांना पटते, नुसती सायकल चालवायला निघालेली पटत नाही.

या खेळाचं नाव ट्रायथलॉन. लोकांना मात्र 'आयर्नमॅन' हाच शब्द ठाऊक असतो आणि तिथंच निम्मे जण घाबरून माघारी फिरतात. खरं म्हणजे यात लहानमोठी अंतरं आहेत. नेहमीच्या अंतरांत सगळ्यात छोटी स्पर्धा स्प्रिंट: 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. ऑलिम्पिक अंतर याच्या दुप्पट. 2000 साली सिडनीत ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं ते याच अंतराचं. त्यापुढे हाफ आयर्नमॅन, म्हणजे 1.9, 90 आणि 21.1. मैलांत बेरीज केली की 70.3 येते, म्हणून स्पर्धेच्या नावात तो आकडा. किलोमीटरमध्ये तीच बेरीज 113. फुल आयर्नमॅन याच्या दुप्पट आणि शेवटी पूर्ण मॅरेथॉन. मिलिंद सोमण यांनी 2015 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकला ती पूर्ण केली आणि हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला. पुण्याचे कौस्तुभ राडकर त्याच्या कितीतरी आधीपासून या शर्यती करत होते आणि माणसं घडवत होते, पण ते धावणाऱ्यांच्या वर्तुळातच माहीत होते.

सुरुवात कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. हवाई बेटांवर नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांच्या मंडळींत वाद रंगला की सगळ्यात दमदार कोण: पोहणारा, धावणारा की सायकलवाला? कॉलिन्सनी तिथल्या तीन स्वतंत्र स्पर्धांची अंतरं एका दिवसात ओवली. 18 फेब्रुवारी 1978 ला पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली आणि गॉर्डन हॉलर 11 तास 46 मिनिटं 58 सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. पुढच्याच वर्षी लिन लेमेअर नावाची सायकलपटू एकटी बाई त्या घोळक्यात उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. स्त्रियांना झेपेल का, असं मला अजूनही विचारतात. त्याचं उत्तर 1979 सालीच मिळालेलं आहे.

पोहणं पहिलं का, असंही विचारतात. थकलेला माणूस रस्त्यावर बसू शकतो, पाण्यात बसू शकत नाही.

धावणं मला साताऱ्याकडून मिळालं. साताऱ्यात 2012 पासून दरवर्षी पावसाळा सरत असताना हिल हाफ मॅरेथॉन होते. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेनं उतरायचं. 2015 मध्ये एका डोंगरावर एकाच वेळी सर्वाधिक माणसं धावण्याचा गिनीज विक्रम इथं झाला, 2,618 जणांचा. शर्यतीच्या दिवशी घाटाच्या कडेला लेझीम, ढोल, शाळेतली पोरं आणि धुकं, सगळं असतं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली तेव्हा जिल्ह्यातल्या मुलींना एक चेहरा मिळाला. त्या मुलींच्या माझ्यासारख्या आयांना या घाटाने मोकळीक दिली. साडी नेसून चढणाऱ्या बायका मी इथं पाहिल्या आहेत.

हा घाट शिकवतो मात्र निर्दयपणे. गावातल्या पोवई नाक्यापासून जे सपाटीच्या वेगानं सुटतात ते घाटाच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून चालताना दिसतात. आणि चढ संपला म्हणजे सुटलो असं समजणाऱ्यांची खरी परीक्षा उतारावर होते, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात. दोन दिवसांनी जिना उतरताना जी कळ येते ती चढाची नसते, उताराची असते.

पुढे मी पुण्याच्या एका प्रशिक्षकांकडे फोनवरून शिकायला लागले. त्यांनी घड्याळातली माझी नाडी बघितली. रोजच्या साध्या धावण्यातही ती 165 च्या वर. ते म्हणाले, "ताई, तुम्ही रोज परीक्षा देताय. अभ्यास कधी करणार?" नियम एकच दिला: सरावातलं बहुतेक धावणं असं करायचं की धावता धावता सलग बोलता आलं पाहिजे. एकटीनं काय बोलायचं? मी औषधांची नावं म्हणायला लागले. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन, रोझुवास्टॅटिन. पाच नावं एका दमात झाली तर वेग बरोबर, तिसऱ्या नावाला श्वास तुटला तर हळू व्हायचं. सांगलीच्या आमराई बागेत त्या वेगानं धावताना चालायला आलेल्या काकू मला मागे टाकायच्या. एकीनं तर थांबून विचारलंही, गुडघा दुखतोय का म्हणून.

यामागचं शरीरशास्त्र मला पाठ्यपुस्तकातून माहीत होतं, पण अंगाला लावून पाहिलं नव्हतं. सावकाश आणि दीर्घ व्यायामाने हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात आणि शरीर साखरेऐवजी चरबी जास्त जाळायला लागतं. शरीरात साठवलेली साखर मर्यादित असते, साधारण चारपाचशे ग्रॅम. जोरात गेलं तर दोनतीन तासांत तिचा तळ दिसतो. चरबी मात्र बारीक माणसातही दिवसभर पुरेल एवढी असते. सहासात तासांची शर्यत ज्याला करायची आहे त्याने कोणत्या डब्यातून खायचं ते यावरून ठरतं. हे बदल महिन्यांच्या हिशेबाने होतात, आठवड्यांच्या नाही, आणि इथंच बहुतेकांचा धीर सुटतो. वर्षभरानं आमराईत त्याच नाडीला माझं किलोमीटरमागे जवळजवळ सव्वा मिनिट वाचत होतं. काकू मागे पडल्या.

पोहणं सगळ्यात अवघड गेलं, आणि गंमत म्हणजे मला पोहता येत होतं म्हणून. वडिलांचं गाव कृष्णाकाठचं, लिंबच्या बाजूचं. तिथल्या बारा मोटेच्या विहिरीचे आता लोक फोटो काढायला येतात. आम्ही मात्र शेतातल्या साध्या विहिरीत शिकलो. पाठीला पांगिऱ्याचा बिंडा बांधायचा आणि चुलत्यांनी वरून ढकलायचं. त्या शिक्षणात दोन गोष्टी येतात: बुडायचं नाही आणि सूर मारायचा. पुढं जायला विहिरीत जागाच नसते. त्यामुळे विहिरीतला पोहणारा मान वर काढून, पाणी चापटत, पाय खाली सोडून पोहतो. सांगलीच्या कृष्णेतही तेच. पुरात आयर्विन पुलावरून उड्या मारणाऱ्या पठ्ठ्यांची छाती मोठी, पण ते पोहणं प्रवाहाच्या भरवशावरचं. शिवाय कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. सरावासाठी नदी डोक्यातून काढून टाकायची.

मग पोहण्याच्या तलावावर शिकायला लागले. तिथल्या सरांनी माझे हात बघितलेच नाहीत. ते म्हणाले, मान खाली घाला. पाणी हवेपेक्षा साधारण आठशे पट घन असतं. धावताना अंग जरा वाकडं असलं तरी चालून जातं. पाण्यात मान वर गेली की कंबर खाली जाते, कंबरेबरोबर पाय, आणि मग आपण आपल्याच अंगाची भिंत पुढं ढकलत बसतो. ताकद वाढवून ती भिंत जात नाही, आडवं झाल्याने जाते. दुसरं, श्वास. विहिरीत आम्ही श्वास कोंडून धरायचो. सरांनी पाण्यात तोंडातून बुडबुडे सोडायला लावले, कारण छातीत जुनी हवा कोंडलेली असली की नव्या हवेला जागा होत नाही आणि गुदमरल्याची भावना येते ती त्यामुळे. पंचवीस मीटरला मला बत्तीस हात लागायचे. हातांची संख्या सव्वीसवर आली तेव्हा वेळ आपोआप कमी झाली होती. त्या महिन्यांत मी एकदाही जोर लावून पोहले नव्हते.

मग खुलं पाणी. पोहण्याच्या तलावाच्या तळाला काळी रेघ असते, ती धरून सरळ जाता येतं. कोल्हापूरच्या राजाराम तलावात तशी रेघ नाही, खाली नुसतं हिरवट अंधारलेलं. तिथं दर आठदहा हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून पुढचा तरंगता फुगा शोधायचा आणि मान परत खाली घालायची. त्याच तलावात पोहणं असणाऱ्या बर्गमन स्पर्धेत मी ऑलिम्पिक अंतराला उतरले, तो माझा या खेळातला पहिला दिवस. शिट्टी झाली आणि शेजारच्याचा हात डोक्यावर, मागच्याचा हात पायावर. छाती धडधडायला लागली. सरांनी सांगितलं होतं तसं मी उताणी झाले, आकाशाकडे बघून थोडे श्वास घेतले. नियमाप्रमाणे सुरक्षेच्या होडीला धरून विसावा घेताही येतो, फक्त ती धरून पुढं सरकायचं नाही. ही एक गोष्ट आधी माहीत असली तर कितीतरी जण पहिल्या शंभर मीटरला शर्यत सोडणार नाहीत.

पाण्यातून निघालं की सायकल. मधल्या कपडे-बूट बदलायच्या वेळेला ट्रान्झिशन म्हणतात आणि घड्याळ तिथंही चालू असतं. नियम कडक: हेल्मेटचा पट्टा आधी लावायचा, मगच सायकलला हात. सायकलवर दुसऱ्याच्या पाठीमागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायचा नाही, साधारण बारा मीटरचं अंतर ठेवायचं. हौशी स्पर्धकांना हा नियम जाचक वाटतो, पण त्यामुळेच ही शर्यत ज्याची त्याला करावी लागते.

सांगलीच्या रस्त्यांनी मला इथं मदत केली. घाटात सायकल चालवणाऱ्याला उतारावर विश्रांती मिळते. तासगाव रस्त्याला तीन तास पायडल थांबत नाही. गोव्याच्या हाफ आयर्नमॅनमधल्या 90 किलोमीटरला नेमकं हेच लागतं. त्रास आहे तो उसाचा. गळीत हंगाम सुरू झाला की डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात मागे दिवा नसताना चाललेले असतात, रस्त्यावर चिपाडं आणि माती पडलेली असते. त्या चार महिन्यांत मी उजाडल्याशिवाय रस्त्यावर जात नाही, आणि मोठ्या फेरीसाठी साताऱ्याला भावाकडे जाते.

सायकलवरून उतरून लगेच धावायचा सराव वेगळा करावा लागतो. दोनतीन तास गोल फिरलेल्या पायांना एकदम सरळ पडायला सांगितलं की पहिला किलोमीटर पाय आपले वाटतच नाहीत. सरावाने तो अवघडलेपणा जात नाही, पण ओळखीचा होतो.

गोव्यात 70.3 अंतराची आयर्नमॅन पहिल्यांदा 20 ऑक्टोबर 2019 ला झाली, मिरामारच्या किनाऱ्यावर. कोरोनात खंड पडून 2022 पासून ती पुन्हा सुरू झाली. मी 2023 आणि 2024 अशी दोन वर्षं उतरले. समुद्र गरम असतो, त्यामुळे अंगाला तरंगत ठेवणारा रबरी पोशाख चालत नाही. पोहायला एक तास दहा मिनिटांची मुदत आणि सगळं मिळून साडेआठ तासांची. पहिल्या वर्षी माझं पोहणं 1 तास 4 मिनिटं, सायकल 3:44, धावणं 2:58, आणि बदलण्यातली पंधरा मिनिटं धरून एकूण 8:01. दुसऱ्या वर्षी पोहणं 57 मिनिटं, सायकल 3:46, धावणं 2:31, एकूण 7:24.

मधला आकडा पाहा. दुसऱ्या वर्षी सायकलवर मी दोन मिनिटं हळू होते. वर्षभर जास्त सराव केलेला, पाय जास्त तयार, आणि तरी हळू. प्रशिक्षकांनी नाडीची मर्यादा 140 घालून दिली होती आणि चढावरही ती ओलांडायची नाही असं बजावलं होतं. पहिल्या वर्षी प्रत्येक चढावर उभं राहून जोर काढला, समोरच्याला गाठलं, फार छान वाटलं. त्या छान वाटण्याचा हिशेब धावताना चुकता झाला. ऑक्टोबरातलं गोव्याचं दमट ऊन, घाम निथळतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. दुसऱ्या वर्षी सायकलवर चढ आला की लोक मला ओलांडून जात होते. मी औषधांची नावं म्हणत होते. धावण्याच्या दुसऱ्या फेरीत त्यांतले बरेच जण चालत होते. दोन मिनिटं घालवून सत्तावीस मिनिटं मिळाली, असा सौदा आमच्या दुकानात कधी झालेला नाही.

या सत्तावीस मिनिटांचं श्रेय एकट्या नाडीचं नाही, खाण्याचंही आहे. सायकलवर असतानाच तासाला चाळीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. धावायला लागल्यावर पोट ऐकत नाही. बाजारातली जेल महाग आणि मला ती गिळवत नाहीत. शेंगदाण्याची चिक्की करून पाहिली, पण शेंगदाण्यातलं तेल पचायला वेळ घेतं आणि पोटात दगड बसतो. शेवटी तासगावचा बेदाणा जमला. तीस ग्रॅमची मूठ म्हणजे वीसबावीस ग्रॅम कर्बोदकं, खिशात मावणारी, उन्हात न वितळणारी. त्याच्या जोडीला खजूर आणि थोडा गूळ.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी व्यवसायाला जागते. घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. तासन्‌तास साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भरकटतो, आणि मदतीला आलेले लोक त्याला आणखी पाणी पाजतात. ते जिवावर बेतू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, वर सायट्रेट आणि पोटॅशियम असतं. जुलाबांसाठी बनवलेली ती पुडी लांब शर्यतीतही उपयोगी पडते. किती आणि केव्हा, हे ज्यानं त्यानं सरावात ठरवायचं, शर्यतीच्या दिवशी नवीन काही तोंडात घालायचं नाही. आणि चाळिशीनंतर हे सगळं सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यायची. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी आधी बोलायचं, कारण व्यायामात साखर एकदम खाली येऊ शकते. हे मी काउंटरवर रोज सांगते.

पदक घेऊन घरी आले तेव्हा सासूबाईंनी ते हातात तोलून पाहिलं.

"पैसे किती मिळाले गं?"

"मिळत नाहीत, आई. आपणच भरायचे."

"कोण घेतं?"

मी रक्कम सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या आठवड्यात दुकानाच्या हिशेबाची वही त्यांनी स्वतः तपासली. त्यांचंही चुकीचं नाही. हा खेळ खर्चाचा आहे. प्रवेशशुल्क, सायकल, तलावाचं शुल्क, गोव्यातली खोली, सगळं मिळून एका कुटुंबाची सहल सहज होते. म्हणून विचारायला येणाऱ्यांना मी आयर्नमॅनचं नाव काढू देत नाही. घरातली साधी गिअरची सायकल, कोल्हापूरचा तलाव आणि स्प्रिंटचं अंतर, एवढ्यावर सुरुवात होते. सध्या अशा तिघी माझ्याबरोबर तलावावर येतात. त्यांतल्या दोघी विहिरीत शिकलेल्या, त्यामुळे त्यांच्या माना वर आहेत. तिसरीला पोहताच येत नव्हतं, ती सगळ्यात लवकर शिकतेय.

माझं म्हणाल तर पोहण्याची वेळ 57 मिनिटांवर अडली आहे. डावा हात पाण्यात शिरताना मध्यरेषा ओलांडतो असं सर म्हणतात, आणि तो काही केल्या ऐकत नाही. यवतेश्वरच्या घाटात सायकलवर अजून नाडी 155 च्या वर जाते. नोव्हेंबरात ऊस सुरू होईल. तेव्हापासून दर रविवारी साताऱ्याला, पहाटे घाटाच्या पायथ्याशी, सगळ्यात हलक्या गिअरमध्ये.